ई-पुस्तक घेताय? मग आधी कॅल्क्युलेटर लपवा

मराठी ई-पुस्तक विकत घ्यायचं मनात आलं असेल तर मंडळी, पहिलं काम हे करा की घरातला कॅल्क्युलेटर लपवा आणि मोबाईलमधला काढून टाका. हिशेब करणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे. छापील पुस्तकाची किंमत बघायची नाही, चुकून दिसलीच तर लक्षात ठेवायची नाही, आणि राहिलीच लक्षात तर बायकोला सांगायची नाही, ती मोठ्यानं वजाबाकी करते.

हा सल्ला तुम्हाला फुकट मिळायलाय, मला विकत घ्यावा लागला. परवा व्हॉट्सॲपवर एका इतिहासाच्या पुस्तकाची जाहिरात आली. छापील किंमत 400, प्रकाशनपूर्व सवलतीत 280, खाली ठळक अक्षरात ‘महाराष्ट्रात घरपोच मोफत’. आम्ही बेळगावचे. 590 नं सुरू होणारा पिनकोड टाकला की ती साइट जरा विचारात पडते आणि मग ‘इतर राज्ये’ म्हणून 90 रुपये वाढवते. इथनं बसनं शिनोळीला गेलं की महाराष्ट्र, तिथं पुस्तक फुकट पोचतंय, आणि तिथनं थोडं अलीकडं आलं की 90 रुपये. म्हटलं जाऊ दे, ई-पुस्तक घेऊ, त्याला काय नाका नाही, कर्नाटक नाही, महाराष्ट्र नाही. ई-पुस्तकाची किंमत बघितली, 360. सवलत नाही, ‘डिजिटल आवृत्तीवर लागू नाही’ म्हणे. छापील घरात येऊन पडतंय 370 ला आणि हे 360 ला. म्हणजे कागद, शाई, बांधणी, खोकं, चिकटपट्टी, पुण्यापासून बेळगावपर्यंतची गाडी आणि तिसऱ्या मजल्यावर जिना चढून येणारा कुरियरचा पोरगा, हे सगळं मिळून 10 रुपये. त्या पोराला हे सांगू नका, उगंच मन खट्टू होईल त्याचं.

तर दुसरा सल्ला. ‘एवढी किंमत का?’ असं विचारायचं नाही. विचारलंत की प्रकाशकाकडनं एक तयार उत्तर येतंय आणि ते ऐकताना मान हलवायची असते. उत्तर असं, की पुस्तकाचा खरा खर्च कागदाचा नसतोच, तो संपादनाचा असतो, मुद्रितशोधनाचा असतो, मुखपृष्ठाचा असतो, लेखकाच्या मानधनाचा असतो. बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे, मी पण मान हलवली. फक्त घरी आल्यावर फाईल उघडायची नाही. मी उघडली. पहिल्याच पानावर ‘स्वातंत्र्य’ या शब्दातला ‘य’ फुटून वेगळा राहायला गेलेला. ऱ्हस्व वेलांट्या अक्षर सोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेल्या. परिच्छेदाच्या मधेच एकदम 147 असा आकडा, मला वाटलं मेलेल्या सैनिकांची संख्या असेल, नंतर कळलं छापील पुस्तकातला पानाचा नंबर तसाच आत आलाय. तळटीपा तळाला नाहीत, चालू वाक्यात घुसल्यात, त्यामुळं पेशव्यांचा सरदार बोलता बोलता मधेच कुठल्यातरी दप्तरातल्या रुमालाचा, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक सांगतोय. नकाशा काड्यापेटीएवढा, मोठा केला की धुकं. आणि शेवटी मोठी थोरली सूची, प्रत्येक नावापुढं पान क्रमांक, फक्त या पुस्तकाला पानंच नाहीत, अक्षर मोठं केलं की पान बदलतंय, मग ‘पान 212 पहा’ म्हणजे कुणी आणि कुठं पहायचं?

आता यात रहस्य काही नाही. मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात जुळवली गेली, ती युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या मोबाईल-कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांत, आणली की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या सरकतात, हे कुठल्याही डीटीपीच्या दुकानात बसणाऱ्याला माहीत असतंय. म्हणून तर नंतर एकदा सगळं डोळ्याखालनं घालायचं असतं. बटण दाबायचं, जे बाहेर पडेल ते दुकानात लावायचं आणि वर मुद्रितशोधनाचे पैसे लावायचे, अहो ज्या शोधनाचे पैसे छापील प्रतीवर एकदा वसूल झाले ते परत माझ्याकडनं घेताय, तर निदान ते शोधन तरी या फाईलीपर्यंत पोचू दे की! मेल केला. उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’. मोलाचा असणारच, 360 रुपयांचा होता. परत करतो म्हटलं तर डिजिटल माल परत घेत नाही.

चष्म्याचा नंबर वाढू देऊ नका, काही ई-पुस्तकं म्हणजे पानांचे फोटो असतात.

मोबाईल बदलू नका.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं जाणार असाल तर पुस्तक घरीच वाचून संपवा, रेंज गेली की ॲप तुम्हाला ओळखत नाही.

सरकारवर रागवू नका. 2017 ला जीएसटी आला तेव्हा छापील पुस्तकाला कर माफ होता आणि ई-पुस्तकावर 18 टक्के. 2018 ला जरा दया आली, ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकाचा कर 5 टक्क्यांवर आणला. ज्याची छापील आवृत्तीच नाही ते 18 लाच राहिलं, म्हणजे गरीब लेखकानं छपाईला पैसे नाहीत म्हणून नुसतं ई-पुस्तक काढलं तर त्याच्या वाचकानं जास्त कर भरायचा. किती विचार करून केलंय बघा.

किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रावर, मराठी 2016 च्या डिसेंबरात आलं, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम सोबत. त्या यादीत कन्नड नव्हतं. आमच्या गल्लीत काहीजण तेवढ्यावरच खूश होते, किंमत कुणी बघितलीच नाही.

पुस्तक आवडलं तर कुणाला द्यायचं नाही, हे मात्र पाठ करा. ई-पुस्तक तुमचं नसतंच, तुम्हाला ते वाचायची परवानगी असते. बेळगावच्या शहापूर-खासबागेत साडी घ्यायला गेलाय आणि दुकानदार म्हणतोय, ही तुम्हीच नेसायची, बहिणीला द्यायची नाही, मोलकरणीला द्यायची नाही, आमचं दुकान बंद पडलं तर साडी आपोआप कपाटातनं नाहीशी होईल, आणि किंमत मात्र पूर्ण. साडी त्याच्या तोंडावर फेकून याल. पुस्तकाच्या बाबतीत आपण ‘अटी मान्य’वर टिचकी मारतो. आणि हे मी मनाचं सांगत नाही. 2009 साली ॲमेझॉननं लोकांनी पैसे देऊन घेतलेली ऑर्वेलची पुस्तकं त्यांच्या किंडलमधनं परस्पर काढून घेतली होती, विकणाऱ्याकडं हक्कच नव्हते म्हणून. पैसे परत दिले, नंतर माफी पण मागितली. मायक्रोसॉफ्टनं 2019 ला ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, त्यांनीही पैसे परत दिले, पण पुस्तकं गेली ती गेलीच. आपण विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं किंडलवर टाकायची सोय पण ॲमेझॉननं 2025 च्या फेब्रुवारीत काढून टाकली. मोठ्यांचं हे असं. आपल्या मराठी प्रकाशकाचं ॲप उद्या बंद पडलं तर पैसे परत देणार कोण, हे विचारून बघा आणि उत्तर आलं तर मला पण कळवा.

इथं बेळगावात 1848 पासून सार्वजनिक वाचनालय आहे. एक प्रत घेतली जाते, ती फाटेपर्यंत वाचली जाते, मग पुठ्ठा घालून परत वाचली जाते. या भागातली मराठी अशीच टिकली, हातातनं हातात पुस्तकं देऊन. तर तो गुन्हा ई-पुस्तकाच्या बाबतीत करू नका.

अन् किंमत कशावर ठरते, खर्चावर का? नाही हो. अमेरिकेत 2010 ला ॲपल आणि पाच मोठे प्रकाशक एकत्र आले आणि ई-पुस्तकाची किंमत आम्हीच ठरवणार म्हणाले. ॲमेझॉन नवी गाजलेली पुस्तकं 9.99 डॉलरला द्यायचं, ती 12.99 आणि 14.99 वर गेली. कागद महागला नव्हता, कागद नव्हताच. स्वस्त ई-पुस्तकामुळं छापील महाग दिसायला लागलं होतं, एवढंच दुखणं. 2012 ला तिथल्या सरकारनं खटला घातला, प्रकाशकांनी तडजोड केली, ॲपल कोर्टात हरलं आणि शेवटी 45 कोटी डॉलर भरले. आपल्याकडं कुणाला एकत्र यायची पण गरज पडलेली नाही. छापील प्रत महाग दिसू नये म्हणून ई-पुस्तक महाग ठेवायचं, मग ते खपत नाही, मग म्हणायचं ‘मराठी माणूस ई-पुस्तक घेत नाही, मार्केटच नाही’, मग मार्केट नाही म्हणून फाईल नीट करायची नाही.

आता शेवटचा सल्ला द्यायचा होता की टेलिग्रामवर चोरीची पीडीएफ शोधू नका, पण राहू दे, आता सरळच बोलतो.

प्रकाशक मालक, तुम्ही इथं येता. कडोलीला, येळ्ळूरला, कुद्रेमनीला गावकरी वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवतात, तिथं तुम्हाला बोलावतात, जेवायला घालतात, शाल देतात. तुम्ही 1946 च्या बेळगावच्या संमेलनाची, संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावाची आठवण काढता, आवाज भरून येतो तुमचा, ‘सीमाभागानं मराठी जिवंत ठेवली’ म्हणता. आणि परत गेल्यावर त्याच माणसाच्या पुस्तकावर ‘इतर राज्ये’ म्हणून 90 रुपये लावता. पोस्टाची जुनी बुक पोस्ट सेवा 2024 च्या डिसेंबरात बंद झाली तेव्हा तुमची ओरड बरोबर होती, आम्ही पण ओरडलो. पण 2025 च्या मे महिन्यापासून पुस्तकांसाठी पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा आहे ना, 300 ग्रॅमला 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर. तो दर वजनावर आहे. त्यात शिनोळी वेगळी आणि बेळगाव वेगळं असं नाही. मग हे 90 कुठनं काढले?

आणि ई-पुस्तक म्हणजे तर आमच्यासारख्यांसाठीच होतं. पुण्यात राहणाऱ्याला काय, तो खाली उतरून दुकानात जातो. इथं नवीन पुस्तक हवं तर कोल्हापूरला जाणाऱ्या माणसाला चिठ्ठी द्यायची, नाहीतर प्रदर्शन लागायची वाट बघायची, आणि कुठंतरी काहीतरी पेटलं की दोन्हीकडच्या बसा बंद. यावर एकच इलाज आला होता आणि तो तुम्ही छापीलपेक्षा 10 रुपयांनी स्वस्त करून ठेवला, तोही फुटक्या जोडाक्षरांचा. लेखकाचे पैसे घ्या की, कोण नको म्हणतंय? संपादकाचे घ्या, दुकानाचं कमिशन असतंय तेही घ्या. पण जी गाडी आली नाही तिचं भाडं कशाला घेताय? फाईल एकदा माणूस बसवून वाचून घ्या. छापीलच्या निम्म्या किमतीला द्या, साधी इपब फाईल द्या, कुठल्याही मोबाईलवर उघडेल अशी. तुमच्या व्याख्यानात पायरसीवर पाऊण तास बोलता, त्यातला अर्धा तास किमतीवर बोला.

आणि ग्रुपवर ‘कुणाकडं पीडीएफ आहे का’ विचारणाऱ्यांनो, तुम्ही गालात हसू नका. लेखकाचे पैसे बुडवणारे तुम्हीच. चोरून वाचता आणि वर प्रकाशकाला शिव्या घालता, तुमच्यामुळं त्याला प्रत्येक वेळी बोट दाखवायला कुणीतरी मिळतंय. महाग वाटतंय तर घेऊ नका, आणि का घेतलं नाही ते त्याला लिहून कळवा. मी कळवलंय, किमतीसकट. अजून तेच उत्तर येतंय, अभिप्राय मोलाचा आहे म्हणून.