‘देखभाल शून्य’ म्हणून लॉनखाली ड्रिप गाडू नका

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘लॉनखाली ड्रिप टाका, ७० टक्के पाणी वाचेल, देखभाल शून्य. गावच्या शेतातही हेच करा.’ ड्रिप म्हणजे ठिबकच्या नळ्या, इथे जमिनीत गाडलेल्या.

७० टक्के कशाच्या तुलनेत? पाइप सोडून देऊन लॉन भिजवत असाल तर बचत मोठी असेल. स्प्रिंकलर नीट लावलेले असतील तर बरीच कमी. गवताची तहान तेवढीच राहते. वाचतं ते वाऱ्यानं उडणारं आणि पेव्हर ब्लॉकवरून वाहून जाणारं पाणी. हिशेब बघा: १०० चौरस मीटर लॉन, ४० सेंमी अंतरावर लाइनी, म्हणजे २५० मीटर नळी. दर ३० सेंमीवर ताशी २ लिटरचा ड्रिपर (नळीतलं थेंबथेंब पाणी सोडणारं तोंड) धरला तर ताशी साधारण १,६६० लिटर. उन्हाळ्यात रोज ५ मिमी (चौरस मीटरला ५ लिटर), म्हणजे ५०० लिटर द्यायचे तर १८ मिनिटं पुरतात. टायमर तासावर राहिला तर तिप्पट पाणी जातं, आणि वरून पत्ताही लागत नाही.

‘देखभाल शून्य’ हा दावा सर्वांत घातक. पंप थांबला की उतारावरच्या लाइनीत पोकळी तयार होते आणि ड्रिपर गढूळ पाणी आत ओढतो. म्हणून सर्वांत उंच जागी हवा आत घेणारा एअर-व्हॅक्यूम व्हॉल्व्ह, सुरुवातीला १२० मेशचा (बारीक जाळीइतकं गाळणारा) डिस्क फिल्टर आणि शेवटाला गाळ बाहेर सोडणारा फ्लश व्हॉल्व्ह हवाच. यातलं काहीही कोटेशनमधून कापू देऊ नका. फिल्टरनंतर प्रेशर गेज आणि वॉटर मीटरही बसवा. प्रवाह घटून दाब वाढला तर ड्रिपर तुंबलेत. प्रवाह वाढून दाब पडला तर घुशीनं नळी कुरतडली किंवा माळ्याचं टोकदार अवजार लागलं. पाणी फार तोडलं की मुळं ओल शोधत ड्रिपरमध्ये शिरतात. पावसाळ्यातही पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवून फ्लश करा.

एसटीपीचं (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) पाणी वापरणाऱ्यांना एक फायदा खरा आहे: तुषार उडत नाहीत, खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर पाणी येत नाही. पण ड्रिपरमध्ये जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, क्लोरीन द्यावं लागतं.

शेतात सरसकट नको. उसाला मानवतं, खोडव्यालाही (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसालाही) तीच नळी चालते. पण मेथी-कोथिंबिरीचं बी वरच्या एक-दोन सेंमीत, नळी २० सेंमी खाली. मुरमाड जमिनीत ओल तेवढी वर चढत नाही. उगवेपर्यंत वरूनच पाणी द्यावं लागतं. नव्या लॉनलाही पहिले दोन-तीन आठवडे तसंच.

टाकणारच असाल तर माती लोटण्याआधी पूर्ण दाबावर लाइन चालवून बघा आणि भिंतीपासूनची मापं लिहून प्रत्येक लाइनीचा फोटो काढून ठेवा.