'सीमाभागाला ६,८३९ कोटी' या मेसेजबद्दल खुलासा

"सीमेवरच्या गावांना केंद्राचे ६,८३९ कोटी मंजूर, बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या घरांनी आधारची झेरॉक्स द्यावी," असा मेसेज आपल्या ग्रुपांवर फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला. चूक झाली, माफ करा.

आकडा खरा आहे, पण सीमा आपली नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'व्हायब्रंट व्हिलेजेस' या सीमेवरच्या गावांच्या विकास योजनेचा दुसरा टप्पा मंजूर केला, २०२८-२९ पर्यंतचा. तो पैसा देशाच्या आंतरराष्ट्रीय सीमेलगतच्या निवडक गावांसाठी आहे. सरकारी पत्रकातली राज्यांची यादी मी दोनदा वाचली: गुजरात, राजस्थान, पंजाबपासून मिझोराम, त्रिपुरापर्यंत. कर्नाटक त्यात नाही, महाराष्ट्रही नाही. आपण रोज 'सीमाभाग' म्हणतो ती दोन राज्यांमधली हद्द. शब्द एकच, म्हणून घोटाळा झाला.

त्याच मेसेजात सीमा सुरक्षा दलाचा निधी मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला मिळतो असंही घुसडलंय. तेही चूक. सीमा सुरक्षा दल गृह मंत्रालयाकडे, २०२५-२६ ची त्याची तरतूद सुमारे २८ हजार कोटी. आपलं मराठा सेंटर लष्कराचं, त्याचा खर्च संरक्षण मंत्रालयाकडून.

काल झेरॉक्सच्या दुकानात एक मावशी रेशनकार्ड पिशवीत गुंडाळून रांगेत उभ्या होत्या, याच पैशांसाठी. बघून फार वाईट वाटलं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका. कुणाला आधारची प्रत दिली असेल तर आजच परत मागून घ्या.