पट पाच, हजर तीन, टक्के चाळीस

शिक्षण परिषदेतून, म्हणजे आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांच्या बैठकीतून, आत्ताच घरी आलेय. पर्स अजून खांद्यालाच आहे. आधी हे लिहून मोकळी होते, नाहीतर सगळं घरच्यांवर निघेल.

तिसरीचा माझा पट ५. त्यातली दोघं चुलत भावंडं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. दसरा झाला, मुकादमाची गाडी आली, भांडीकुंडी, शेळी आणि पोरं, सगळं एकात भरून निघाले. संकलित १ ला, म्हणजे पहिल्या सत्राच्या सरकारी चाचणीला, उरली तिघं. दोघांनी गणिताचा पेपर झकास सोडवला. तिसरं हातच्याला अडकतं, ते अडकलं. हे मला पाठ आहे, कारण तोंडी मीच घेतली, लेखी मीच तपासली आणि रात्री साडेदहाला रेंज आल्यावर गुणही मीच भरले.

आज भिंतीवर पीपीटी. शाळेचं नाव, पुढे तिसरीच्या गणितात पास झालेल्यांचे टक्के. ७५ च्या वर हिरवा, मध्ये पिवळा, ५० च्या खाली लाल. आमची शाळा लाल. ४० टक्के. मी उभी राहिले, म्हटलं साहेब, तिघांतले दोन म्हणजे ६६ होतात, ४० कसे? साहेबांनी मोठ्या मनाने एक्सेल उघडून दाखवलं. गेलेल्या दोघांपुढे शून्य. रिकामी चौकट नाही, 'गैरहजर' नाही, चक्क शून्य! जशी काही पोरं बाकावर बसली, पेपर घेतला आणि कोरा दिला. म्हटलं साहेब, ती बसलीच नाहीत, ती फडावर आहेत. तर म्हणाले, "मॅडम, पट म्हणजे पट. पोरं टिकवायचं काम कोणाचं?" आणि पुढची स्लाइड.

टिकवायचं! मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, घरी सांभाळायला म्हातारं माणूस नाही, त्या दोघांतल्या पोरीच्या कडेवर धाकटं. मी काय दारात आडवी पडू? शिक्षण हमी पत्र भरून दिलंय की. तिकडच्या शाळेत दाखवा, बसवून घेतील, असं तिच्या आईला दोनदा बजावलं. टोळी पडली कर्नाटकात. हमी पत्र मराठीत, शाळा कानडी. दाखव बाई.

आणि मुळात पाच पोरांचे टक्के काढतंच कोण? माझ्या वर्गात एक पोर म्हणजे २० टक्के. एकाला ताप आला की तालुक्याची गुणवत्ता ढासळते. माझ्या शेजारच्या वस्तीशाळेत तिसरीला दोन पोरं, दोन्ही हजर, दोन्ही पास. १०० टक्के. त्या सरांना गुलाबपुष्प, फोटो, टाळ्या.

खरं सांगायचं तर स्वतःचा लाल रंग दिसल्यावर मी सगळ्यात आधी त्यांचा रंग बघितला. पोरांचं वाईट नंतर वाटलं. गुलाबाचं आधी. वीस वर्षं नोकरी झाली, चष्मा लागला, गुडघे बोलायला लागले, आणि मी एका कोमेजलेल्या गुलाबावरून दोन नंबरच्या रांगेत धुमसत बसले होते. चहा आला तोही रागात घेतला नाही. आता डोकं दुखतंय.

पण राग गेला नाहीये, हां. उलट चहा न घेतल्याने मागचं सगळं आठवायला लागलंय.

१२ नोव्हेंबर २०२१. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, म्हणजे पोरं किती शिकली ते मोजणारी देशभरची चाचणी, तिसरीसुद्धा. ती तिसरी म्हणजे मार्च २०२० ला पहिलीतून घरी बसलेली पोरं. खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबरला. म्हणजे शाळा उघडायच्या आधी संपादणूक मोजली! वर एसटीचा संप. ज्या शाळा निवडल्या गेल्या त्यांनी पोरं कशी गोळा केली ते त्यांनाच विचारा. मग ४ डिसेंबर २०२४ चं परख, म्हणजे तेच सर्वेक्षण नव्या नावाने. त्याआधी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, म्हणजे त्याआधीचे कितीतरी दिवस आम्ही प्रशिक्षणं, याद्या आणि मशिनं यांच्यात. शिक्षण हक्क कायद्यात कलम २७ आहे म्हणे, शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून. उरलं काय मग, लग्नाची वाढपं?

आणि २०२५ चा एप्रिल कोणी विसरलंय का? राज्यभर एकच वेळापत्रक, २५ तारखेपर्यंत पेपर, १ मे ला निकाल. वेळापत्रक करणाऱ्यांनी एकदा आमच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या साडेदहाला बसून दाखवावं. पोरांच्या घामाने उत्तरपत्रिका हाताला चिकटत होत्या. त्यात पेपर कमी आलेले. झेरॉक्स तालुक्याला, पैसे माझे. आणि ज्या चाचणीचे गठ्ठे आम्ही कपाटात कुलपात ठेवायचे, तिचे पेपर लोकांनी यूट्यूबवर टाकलेले. आम्हाला मात्र सूचना: गोपनीयता पाळावी!

शिष्यवृत्ती परीक्षेचंही तेच. चौथी-सातवीची पाचवी-आठवी केली, आता परत चौथी-सातवी. आमच्या केंद्रातल्या निम्म्या शाळा चौथीपर्यंत. मधली सगळी वर्षं त्या शाळांमधून एकही पोर बसू शकलं नाही, आणि शिष्यवृत्तीधारक किती, हा रकाना मात्र दरवर्षी भरायचा. निरंक, निरंक, निरंक.

'तात्काळ' या मथळ्याने येणारे मेसेज तर मी म्यूटच केलेत. त्यामुळेच बहुतेक मी लाल आहे.

बरं, चाचणी वाईट म्हणत नाही मी. २०२३-२४ पासून पायाभूत, संकलित १, संकलित २ चालू आहे, आणि हेतू काय तर पोर कुठे अडकलंय ते शिक्षकाला कळावं. मला कळलंय! हातच्याला अडकलंय. दशकाच्या घरातून एक काढून आणायला गेलं की ते पोर दशक कमी करायलाच विसरतं, ४२ मधून १७ घालवले की ३५ लिहितं. रोज मधल्या सुट्टीनंतर काड्यांचे गठ्ठे सोडून बसतो आम्ही दोघं. हे स्लाइडवर कुठल्या रंगात येतं?

आता ग्रुपवर नवीन लिंक आलीय. लाल शाळांनी उद्या दुपारी १२ पर्यंत कारण नोंदवावे. उघडून बघितली. कारण लिहायचं नाही, निवडायचं. शिक्षक अनियमितता. विद्यार्थी अनियमितता. पालक उदासीनता. इतर.

पालक उदासीनता म्हणे! त्या पोरीची आई पहाटे तीनला उठून फडावर जाते. रविवारी कोणाच्या तरी फोनवरून मिस कॉल देते, मी उलट लावला की तिचं पहिलं वाक्य, "बाई, पोरीचं नाव नका काढू हां पटावरून." मी उदासीनतेवर बोट ठेवू?

'इतर' दाबलंय. 'इतर' म्हणजे काय ते लिहायला जागाच दिलेली नाही. सबमिट केलं तर म्हणतं, कृपया शाळेचा यू-डायस क्रमांक तपासा. बोंबला.