मे संपत आला की कोल्हापूर सोडून जायचं नसतंय

मेचा शेवटचा आठवडा आला की आमच्या ग्रुपवर एकच विषय, कुठं जायचं. महाबळेश्वर फुल्ल, गोव्यात घामाच्या धारा, तरी कोणतरी मनालीचं पॅकेज टाकतंयच. मी आपला गप्प बसतो कारण मला कुठंच जायचं नसतं. राग आला तर येऊ दे पण माझं स्पष्ट मत आहे, रोहिणी निघाल्यापासून मृग लागेपर्यंत, म्हणजे २५ मे ते ७-८ जून धरा, जो माणूस कोल्हापूर सोडून बाहेर जातो त्याला खाण्यातलं पण कळत नाही आणि फिरण्यातलं पण नाही.

आपल्याकडं डोंगर चढायचा म्हटलं की सगळ्यांना जुलै आठवतो. पन्हाळा ते पावनखिंड मोहीम, बाजीप्रभूंची आठवण, १६६० चा तो जुलै, सगळं मान्य, तिथं पाय आपोआप चालतात. पण मेअखेरीच्या डोंगराकडं कोण ढुंकून बघत नाही, ऊन लागतंय म्हणे. अरे पहाटे पाचला निघा की, आठ-साडेआठला खाली येताय. आणि आदल्या दिवशी दुपारी वळीव झाला असेल तर काय ती हवा, धूळ बसलेली, वाटेवरची माती पायाखाली दबणारी, लांबवर पंचगंगेचं खोरं धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ दिसतंय. जुलैत हेच सगळं धुक्यात, तुम्ही रेनकोटात आणि डोळ्यासमोर फक्त पुढच्याची पाठ.

मला विचाराल तर जोतिबाचा डोंगर, गायमुखाकडून पायी. शहरापासून सतरा-अठरा किलोमीटर. गाडीनं थेट पायऱ्यांपर्यंत जाणाऱ्यांचा मला राग नाही, म्हातारी माणसं, लहान पोरं सगळ्यांना देव पाहिजे. पण धडधाकट माणसानं चैत्र यात्रेत एकदा चालायचं आणि वर्षभर गाडीनं जायचं हे काय पटत नाही. फक्त रविवारी जाऊ नका, देवाचा वार, गर्दी असते. शनिवारी जा.

आणि चालायचं ते कॅलरी मोजायला नाही, करवंदासाठी. आता जरा सावकाश सांगतो कारण नव्या पोरांना करवंद म्हणजे गाडीवर द्रोणात मिळतंय ती वस्तू वाटते. जाळीत हात वरनं घालायचा नसतो. काटे जोडीनं असतात, कडक, वरनं हात घातला तर काढताना मनगटापासनं ओरबाडून निघतंय. खालनं, पानाखाली हात सरकवायचा, पिकलेलं करवंद बोट लागल्याबरोबर हातात येतं, ओढावं लागलं तर ते अजून झालेलं नाही, सोडून द्या. देठातनं पांढरा चीक येतो, तो बोटाला आणि ओठाला चिकटतो, आणि पोटभर खाल्ल्यावर तोंड उघडताना ओठ चिकटलेलेच असतात. मग कोंबडा का कोंबडी खेळायचं, आतनं लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. पन्नाशीला आलेली माणसं डोंगरावर उभं राहून हे खेळतात, मी बघितलंय, म्हणजे आम्हीच खेळतो.

पहिला मोठा पाऊस लागला की मात्र संपलं. करवंदं फुगतात, पाणचट होतात, आत अळी दिसाय लागते. म्हणूनच हे पंधरा दिवस म्हणतोय मी. तोरणाची फळं तर तोवर गेलेलीच असतात, ती एप्रिलची. जांभळं पिकाय लागलेली असतात. आणि करवंद फार टिकत नाही, आज तोडलेलं उद्या मऊ पडतंय, त्यामुळं मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये कितीही पैसे टाका, जाळीवरनं तोंडात गेलेलं करवंद तिथं मिळणार नाही. चालतच जावं लागतंय. चालायसाठी याच्यापेक्षा भारी कारण मला तरी कुणी सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र डोकं फिरवते. वणवा. जानेवारी-फेब्रुवारीपासनं करवंदाला पांढरी चांदणीसारखी फुलं येतात, घमघमाट सुटतो, आणि नेमकं त्याच टायमाला कोणतरी वाळल्या गवताला काडी लावतंय. गवत जळलं की पुढचं चांगलं येतंय अशी एक समजूत, कुठं नुसती सिगरेट टाकलेली, कुठं गंमत. अख्खी जाळी फुलासकट करपते, त्यावर त्या वर्षी फळ कुठलं यायचं. मग मेमध्ये हीच माणसं म्हणणार, आजकाल पहिल्यासारखी करवंदं राहिली नाहीत बुवा. कशी राहतील?

आणि जाळी दिसली की फांदीसकट मोडून पिशवी भरणारे पण आहेत. पक्ष्यांना काय ठेवायचं का नाही? दाजीपूर-राधानगरीकडं जाणाऱ्यांनी तर तोडायचा विषयच काढू नका, ते अभयारण्य आहे, १९५८ पासनं. तिथं बघा, वास घ्या, या परत. खायची हौस असली तर शहरात मार्केटबाहेर डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरच्या मावशी बुट्टी घेऊन बसलेल्या असतात की. पहाटे उठून काट्यात हात घालून, एसटीनं आलेल्या असतात त्या. त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करायची आणि तिथनं उठून दोनशे रुपयांची कोल्ड कॉफी प्यायची, हे आपल्या कोल्हापूरला शोभत नाही.

व्यायामाचं बोलायचं तर ही शाहू महाराजांची तालमींची नगरी, १९१२ साली खासबाग मैदान बांधलेलं गाव, आणि आपण एसीत पट्ट्यावर पळतोय. पळा बापडे. ज्यांना डोंगर जमत नाही त्यांना रंकाळा आहे, विद्यापीठाचा ८५३ एकरांचा परिसर आहे, सकाळी मोर ओरडतात तिथं. रंकाळ्याची फेरी मारून गंगावेशीत दूधकट्ट्यावर यायचं, म्हशीचं दूध डोळ्यासमोर काढून ग्लासात, वर फेस, तो ओठावर तसाच ठेवून पोरांसमोर मिशी म्हणून मिरवायचं. डाएटवाल्यांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजा.

आता घरचं. या दिवसात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. कुरडया, सांडगे, भरल्या मिरच्या. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळून जो चीक शिजवतात तो गरम गरम वाटीत घेऊन दूध-साखर घालून खायचा, कुरडई हे माझ्या मते त्या चिकाचं नुसतं निमित्त आहे. आणि अर्धवट वाळलेली कुरडई, वरनं कडक, आतनं चिवट, ती आईची नजर चुकवून खाण्यात जी मजा आहे ती तळलेल्या कुरडईत नाही. दुपारी चारला पश्चिमेकडं काळं झालं की घरातला प्रत्येक माणूस गच्चीकडं पळतोय, चादरीची चार टोकं धरून जिन्यानं खाली, परत वर, परत खाली. दम लागतो राव.

त्यातच चटणीचं काम असतं. ब्याडगी, संकेश्वरी ऊन दाखवून, खोबरं, तीळ, धने, कांदा, लसूण सगळं भाजून डंकावर न्यायचं, नंबर लावायचा, शिंकत बसायचं. तयार पाकिटातली पण मिळते की, असं परवा एकजण म्हणाला. मी विषय बदलला.

करवंदाचं दोन प्रकारे करा. हिरवी, कच्ची असतील तर चिरून बिया काढून हिरवी मिरची, लसूण, जिरं, ओलं खोबरं आणि गुळाचा खडा, वाटून चटणी, भाकरीबरोबर. पिकलेली असतील तर थोड्या पाण्यात शिजवून चाळणीवर रगडा, बिया वर राहतात, खाली जो गर येतो त्यात जवळपास तेवढाच गूळ घालून आटवा. बाहेरनं काय मिसळावं लागत नाही, करवंदातच पेक्टिन भरपूर, गार झालं की आपोआप घट्ट होतंय. थोडी लालसर, अर्धी कच्ची करवंदं मुद्दाम त्यात टाकायची, रंग आणि आंबटपणा दोन्ही येतो. आमची ही साखर म्हणते, मी गूळ म्हणतो, कोल्हापुरात राहून साखर कशाला? हा वाद काय मिटणारा नाही.

येत्या शनिवारी आम्ही चाललोय, पहाटे पाचला गायमुखापाशी. कुणाला यायचं असेल तर कमेंट करा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि पातेलं नाहीतर डबा आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत करवंदं घामेजतात.