उशाशी ठेवलेला स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देत नाही

बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरतो: 'स्नेक प्लांट, तुळस, पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतात. उशाशी कुंडी ठेवा. नासाने सिद्ध केलंय.' दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत आधीच हवा कमी खेळते. तिथे कुंडीच्या भरवशावर खिडकी लावून घेणं चूकच.

'रात्रीही ऑक्सिजन सोडतात.' झाडाचा ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून येतो. हे काम पानाच्या हिरव्या कणांतल्या, म्हणजे हरितलवकातल्या, फोटोसिस्टिम-२ या प्रथिनांच्या संचातला मँगनीज-कॅल्शियमचा पुंजका करतो आणि त्याला प्रकाश लागतोच. अंधारात ते बंद, झाड कोणतंही असो. तुळस-पिंपळाचा मुद्दा इथेच संपतो.

स्नेक प्लांटची पर्णरंध्रं रात्री उघडतात, हे मात्र खरं. गैरसमज तिथूनच आला. रात्री झाडाच्या अंतर्गत घड्याळानुसार एक किनेझ (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या पेप कार्बोक्सिलेज या एन्झाइमवर फॉस्फेट चढवतं. फॉस्फेट नसेल, तर साठत जाणारं मॅलेट, म्हणजे मॅलिक आम्लाचंच रूप, त्या एन्झाइमला थोपवतं. आत आलेला कार्बन डायऑक्साइड असा मॅलिक आम्ल होऊन पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, रिक्तिकेत, जमा होतो. दिवसा रंध्रं मिटतात, आम्लातून कार्बन डायऑक्साइड सुटून साखर बनवण्याच्या कामातल्या रुबिस्को या एन्झाइमला मिळतो. ऑक्सिजन बनतो तो तेव्हा, उजेडात.

स्नेक प्लांटसारखंच रात्री आम्ल साठवणाऱ्या पानफुटीवर हे तपासता येतं. तिची पानं सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात, ही वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांची भारतातली नोंद १८१५ साली छापली गेली. चाखू नका. खालचं जून पान सूर्योदयाआधी २ ग्रॅम घ्या, १० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात वाटा, पीएच पट्टी बुडवा. संध्याकाळी पाचला त्याच झाडाचं तसंच पान घ्या. सकाळची पट्टी जास्त आम्ल दाखवेल. कोवळ्या पानात फरक पुसट दिसतो. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तरीही तसंच, कारण उजेडाशिवाय आम्ल नीट खर्च होत नाही.

'एक कुंडी पुरते.' स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला साधारण २५० मिली ऑक्सिजन वापरतो, म्हणजे दिवसाला ३६० लिटर. कुंडीतल्या झाडाची पानं ०.२ चौरस मीटर धरली आणि त्यांना बारा तास भरपूर ऊन मिळालं, तरी ऑक्सिजन होतो जेमतेम २ लिटर. खोलीच्या कोपऱ्यात त्याहून कितीतरी कमी.

'नासाने सिद्ध केलंय.' १९८९ चा तो प्रयोग बंद पेटीतल्या बेंझिन, फॉर्माल्डिहाइड अशा वाफांवर होता. रात्रीचा ऑक्सिजन हा त्याचा विषयच नव्हता.

उलटी भीतीही तितकीच निराधार आहे. 'रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात, खोलीत ठेवू नका,' असंही लोक सांगतात. तेवढ्याच पानांचं साधं, रात्री आम्ल न साठवणारं झाड आठ तासांत सुमारे ०.१५ लिटर सोडतं. शेजारी झोपलेला माणूस ९० लिटरच्या आसपास. कुंडी राहू द्या, खिडकी उघडा.