मार्शमॅलोच्या प्रयोगाबद्दल खुलासा

'चार वर्षांच्या मुलापुढे मार्शमॅलो (मऊ, गोड खाऊ) ठेवा; न खाता थांबलं तर आणखी एक मिळेल असं सांगा. पंधरा मिनिटं न खाता थांबलं, तर पुढे हमखास यशस्वी,' असा मजकूर पालकांच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. प्रयोग खरा, निष्कर्ष मात्र ताणलेला.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे हे प्रयोग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतले. मुलं बरीचशी विद्यापीठाशी संबंधित घरांतली. १९९० च्या पाठपुराव्यात थांबण्याचा वेळ आणि पुढचे एसएटी (अमेरिकेतली कॉलेजप्रवेशाची परीक्षा) गुण यांचा ठळक संबंध दिसला खरा, पण ज्या गटात तो दिसला त्यात मुलं होती ३५. एवढ्यावर भविष्य सांगायचं, तर ज्योतिषी काय वाईट?

२०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान या संशोधकांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. आई पदवीधर नसलेल्या मुलांत, पंधराव्या वर्षीच्या शैक्षणिक प्रगतीशी हा संबंध मूळच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती, घरातलं वातावरण आणि लहानपणीची आकलनक्षमता विश्लेषणात धरल्यावर त्यातलाही सुमारे दोन तृतीयांश भाग गळाला.

शिवाय थांबणं म्हणजे निव्वळ संयम नव्हे. रॉचेस्टर विद्यापीठातल्या प्रयोगात (तोही छोटाच, २८ मुलांचा) आधी शब्द मोडलेल्या माणसासमोर मुलं सरासरी तीन मिनिटं थांबली. शब्द पाळणाऱ्यासमोर बारा.