नंतरची वर्षं कोण मोजतं?

नीटचा निकाल लागला की आमच्या उदगीरच्या नातेवाइकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, तीन तासांच्या एका पेपरवर पोरांचं आयुष्य ठरवणं बंद करा. अमेरिकेत बघा, सगळा माणूस बघून मेडिकलला प्रवेश देतात. दुसरा तट म्हणतो, मार्क म्हणजे मार्क. एकदा मुलाखती आणि शिफारसपत्रं आली की शेतकऱ्याच्या पोरानं डॉक्टर व्हायचं विसरून जावं. २०२४ साली आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण जाहीर झाले, मग १५६३ मुलांचे वाढीव गुण रद्द करून त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला, आणि पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हापासून हा वाद फार कडवट झाला आहे. दोन्ही तटांना माझी साक्ष हवी असते, कारण मी ओहायोतल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते आणि माझ्या वर्गातली बरीच मुलं मेडिकलला जायचं म्हणूनच तो विषय घेतात.

माझी साक्ष कुठल्याच तटाला पुरेशी सोयीची नाही.

इथे बारावीनंतर थेट मेडिकल नाही. आधी चार वर्षांची पदवी, हव्या त्या विषयात. इतिहास शिकूनही चालतं, फक्त जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्राचे ठरावीक कोर्स झालेले लागतात. मग एमकॅट ही साडेसात तासांची परीक्षा. मग अर्ज, निबंध, शिफारसपत्रं, रुग्णसेवेचा अनुभव आणि शेवटी मुलाखत. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे पदवीच्या गुणांची सरासरी, चारपैकी ३.८ च्या आसपास असतो. म्हणजे गुणांना इथे किंमत नाही हा आपल्याकडचा समज मुळातच चुकीचा. उलट अठराव्या वर्षापासून प्रत्येक सेमिस्टरचा प्रत्येक गुण नोंदला जातो आणि चिकटून राहतो. एखाद्या विषयात सी मिळाला, पुन्हा बसून ए मिळवला, तरी एमडी (ही इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या कॉलेजांच्या मध्यवर्ती अर्जात दोन्ही मोजले जातात.

या गणिताचा कडकपणा एकदा आकड्यांत बघावा. एखाद्या मुलाची पहिली दोन वर्षं वाईट गेली. ६० क्रेडिटला सरासरी २.४. पुढची दोन वर्षं त्यानं जीव तोडून अभ्यास केला आणि ६० क्रेडिटला ३.८ आणले. पदवी हातात येते तेव्हा आकडा दिसतो ३.१. आणखी एक वर्ष घालून ३० क्रेडिट घेतले आणि सगळीकडे पूर्ण चार मिळवले, तरी आकडा जातो फक्त ३.२८ वर. सरासरी काही विसरत नाही. पहिल्या दोन वर्षांत घरी काय चाललं होतं, हे तिला कळतही नाही.

पण अर्ज वाचणारी माणसं फक्त सरासरी बघत नाहीत, आणि मला इथली ही एकच गोष्ट मनापासून पटलेली आहे. अर्जात वर्षवार गुण दिसतात, विज्ञानाचे वेगळे दिसतात, पदवीनंतर घेतलेल्या कोर्सचे वेगळे दिसतात. आलेख खालून वर गेला असेल तर तो डोळ्यांसमोर असतो. म्हणून कमी जीपीए असलेल्यांसाठी इथे एक मळलेली वाट तयार झाली आहे. पदवीनंतर नोकरी करता करता विज्ञानाचे कोर्स पुन्हा घ्यायचे, त्याला पोस्ट-बॅक म्हणतात. नाहीतर एक-दीड वर्षाची खास मास्टर्स पदवी करायची. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातला असा कार्यक्रम खूप जुना आणि नावाजलेला आहे; तिथे मुलं प्रत्यक्ष मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे विषय शिकतात आणि त्या परीक्षेत टिकून दाखवतात. टेक्सासमध्ये तर कायद्यानंच सोय केली आहे: दहा वर्षांहून जुने गुण बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात करता येते, मात्र त्या काळातले चांगले गुणही त्यासोबत सोडावे लागतात.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. ओळख पटू नये म्हणून तपशील मोघम ठेवते. वडिलांना पक्षाघात झालेला, ती रात्री गोदामात माल लावायची आणि सकाळी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या तासाला डोळे उघडे ठेवायची धडपड करायची. त्या विषयात ती जेमतेम तरली. पदवी मिळाली तेव्हा तिचा जीपीए असा होता की इथल्या समुपदेशकानं तिला दुसरं क्षेत्र बघायला सांगितलं. ती ॲम्ब्युलन्सवर कामाला लागली आणि संध्याकाळी एकेक कोर्स घेत गेली. बायोकेमिस्ट्रीत ए, फिजिऑलॉजीत ए, मग एमकॅटला चांगले गुण. तिला एका ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओ पदवी देणाऱ्या, कॉलेजात जागा मिळाली. आपल्याकडे डीओ म्हटलं की लोकांना होमिओपॅथीसारखं काहीतरी वाटतं. तसं अजिबात नाही. डीओ हा इथे पूर्ण डॉक्टर असतो, शस्त्रक्रियाही करतो, आणि २०२० पासून एमडी आणि डीओ यांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला, एकच मान्यता-व्यवस्था आहे. अमेरिकेतले चौथ्या हिश्शाहून जास्त वैद्यकीय विद्यार्थी आज या कॉलेजांत शिकतात. तिच्यासाठी पत्र लिहिताना मला काही वाढवून सांगावं लागलं नाही. गोदामातली वर्षं आणि ॲम्ब्युलन्सवरची वर्षं दोन्ही कागदावर होती, आणि वाचणाऱ्यांनी दोन्ही वाचली.

आता दुसरी बाजू. पहिला तट ती कधीच ऐकून घेत नाही.

ही वाट पैशांची आहे. पोस्ट-बॅकचे कोर्स, मास्टर्सची फी, एमकॅटचे क्लास, वीस-पंचवीस कॉलेजांच्या अर्जांचा खर्च. त्यावर डॉक्टरांच्या मागे बिनपगारी फिरून गोळा केलेले तास, जे डॉक्टरांच्या मुलांना ओळखीत सहज मिळतात. नंतर मेडिकलची चार वर्षं: खासगी कॉलेजात एकूण खर्च साडेतीन लाख डॉलरच्या पुढे जातो. आणि २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्यानं नव्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या कर्जावर वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरची मर्यादा घातली. ती २०२६ च्या १ जुलैपासूनच्या कर्जांना लागू. उरलेली रक्कम कुठून आणायची, हा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलांना आता झोपू देत नाही. इथल्या मेडिकल कॉलेजांतली सुमारे तीन-चतुर्थांश मुलं देशाच्या उत्पन्नाच्या वरच्या ४० टक्के घरांतून येतात. सगळा माणूस बघणाऱ्या पद्धतीचा हा निकाल आहे. दुसरी संधी इथे आहे, पण ती विकत घ्यावी लागते. ज्यांना परवडत नाही त्यांतले काही कॅरिबियन बेटांवरच्या नफेखोर कॉलेजांत जातात. आपली मुलं जॉर्जिया, रशिया, फिलिपिन्सला जातात, त्याचंच हे इथलं रूप: घेणारे सगळ्यांना घेतात, पण शेवटपर्यंत पोचणारे सगळे नसतात.

गुण आणि माणूस यांचा वाद इथल्या न्यायालयातही गाजला, तोही एका मेडिकल कॉलेजवरून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॉलेजानं १९७० च्या दशकात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखल्या होत्या. ॲलन बॅकी नावाच्या गोऱ्या इंजिनिअरला दोनदा नकार मिळाला आणि तो कोर्टात गेला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला प्रवेश दिला, ठरावीक जागा राखणं बेकायदा ठरवलं, पण वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचारात घ्यायला मुभा ठेवली. ती मुभाही २०२३ मध्ये गेली. आपल्याकडच्या आरक्षणाच्या वादात हा खटला अर्धामुर्धा सांगितला जातो. सांगायचं राहून जातं ते हे की त्याच कॉलेजात वजनदार लोकांच्या मुलांसाठी अधिष्ठात्यांच्या मर्जीनं प्रवेश होत असत, आणि त्याविरुद्ध कोणी तो खटला लढला नव्हता. हेही सांगायला हवं की आज तेच डेव्हिस अर्जदाराच्या घरची आर्थिक ओढाताण मोजणारी एक मोजपट्टी वापरतं: पालकांचं शिक्षण, उत्पन्न, शिकताना करावी लागलेली नोकरी. वंशाचा विचार कॅलिफोर्नियात १९९६ पासूनच बंद आहे, तरी तिथल्या वर्गात कमी उत्पन्नाच्या घरची मुलं दिसतात. कमी जीपीएच्या मागे गोदामातल्या रात्री आहेत का, हे विचारण्याची ही एक सरळ, कागदावर उतरणारी रीत आहे.

आता महाराष्ट्र. दुसऱ्या तटाची भीती मला पूर्णपणे समजते. १९८३ नंतर आपल्याकडे विनाअनुदानित कॉलेजं निघाली. १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला, आणि कायदा होऊनही देणग्या थांबल्या नाहीत. प्रत्येक खासगी गटाची वेगळी सीईटी, वेगळा दलाल, असा काळ ज्यांनी बघितला त्यांना नीट ही गरिबांची ढाल वाटते, आणि बऱ्याच अंशी ती आहे. शासकीय कॉलेजात शेतमजुराचा मुलगा पोचतो तो नाव झाकलेल्या उत्तरपत्रिकेमुळे. तिथे मुलाखत आणा, आणि कुणाचा फोन कुठे जाईल हे उदगीरमधल्या कुणालाही विचारा. म्हणून अमेरिकेसारखं करा या मागणीला माझा विरोध आहे.

पण कमी गुणांचा डॉक्टर नको, हे पुढचं वाक्य मला मान्य नाही. प्रवेशाच्या वेळचे गुण काहीही असोत, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कॉलेजांत परीक्षा सगळ्यांना सारखीच द्यावी लागते. डॉक्टर त्या परीक्षेनं आणि वॉर्डातल्या कामानं घडतो. सतराव्या वर्षी फिजिक्समध्ये चुकलेले पाच प्रश्न त्याच्या हातात राहत नाहीत.

माझी भाची लातूरला रिपीटर बॅचमध्ये आहे. वहिनी फोनवर विचारतात, ताई, तिकडे काही जमेल का? मला सांगावं लागतं की इथली बहुतेक कॉलेजं ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असल्याशिवाय अर्जही घेत नाहीत. पण खरं वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं नीटला बसतात, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. जे राहतात ते पुन्हा तोच अभ्यासक्रम घोटतात. समजा, आमची पोर दोन वर्षं रिपीट करण्याऐवजी बीएस्सी नर्सिंगला गेली, पहिली आली, उपजिल्हा रुग्णालयात पाच वर्षं रात्रपाळ्या केल्या, तरी नीटच्या गुणवत्ता यादीत त्याला शून्य किंमत. परीक्षेला बसता येतं, कमाल वयाची अटही आता उरली नाही. मात्र बसायचं ते सतरा वर्षांच्या, दिवसभर क्लासमध्ये असलेल्या मुलांच्या शेजारी, जणू मधली वर्षं झालीच नाहीत.

इथली घेण्यासारखी गोष्ट नंतरची वर्षं मोजणं ही आहे. मुलाखती आणि शिफारसपत्रं इथेच राहू देत. शासकीय कॉलेजांतल्या थोड्या जागा सरकारी आरोग्यसेवेत काम केलेल्या पदवीधर परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते यांच्यासाठी ठेवाव्यात. नीटची पात्रता पातळी त्यांनीही ओलांडावी. त्यानंतरचा क्रम विद्यापीठातल्या गुणांवर आणि सेवेच्या वर्षांवर लावावा, एकही मुलाखत न घेता. फी शासकीयच असावी, म्हणजे अमेरिकेतला पैशांचा फास लागणार नाही.

यावर दादाचा आक्षेप लगेच आला: खोटी अनुभव प्रमाणपत्रं निघतील. म्हणूनच मी सरकारी सेवेपासून सुरुवात म्हणते. पगारपत्रक आणि सेवापुस्तक कोषागाराच्या नोंदींशी ताडून बघता येतं. आणि ही कल्पना आपल्याला परकी नाही. पदव्युत्तर प्रवेशात दुर्गम भागातल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी नीटच्या गुणांवर १० टक्के, कमाल ३० टक्के वाढ देण्याची तरतूद वैद्यकीय परिषदेच्या नियमांत होती. सेवेतल्या डॉक्टरांसाठी वेगळ्या जागा ठेवायचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरची वर्षं मोजता येतात, तर त्याच केंद्रातल्या सिस्टरची का नाहीत?

अडचण एवढीच की एमबीबीएसचा प्रवेश फक्त नीटच्या गुणांनुसार, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम सांगतात. राज्याला एकट्याला हे करता येणार नाही. त्यामुळे नीट रद्द करा म्हणून मोर्चे काढण्यापेक्षा आपल्या खासदारांकडे या एका नियमात दुरुस्ती मागावी, असं मी यंदा दोन्ही तटांना लिहून कळवलं आहे.